अनवाणी मॅनेजर

माझा भाचा फुटबॉलवर पोट भरतो, ही गोष्ट आमच्या टेंभुर्णीत पुष्कळ वर्षे कोणी गंभीरपणे घेत नसे. "ते बराबर आहे गुरुजी, पण कामधंदा काय करतो?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असे. भाचा तेव्हा कोलकात्यात, पुढे गोव्यात, पगारी खेळाडू होता. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. फुटबॉलविषयीचे माझे ज्ञान चेंडू गोल असतो येथेच थांबते. तरी त्याचा सामना टीव्हीवर लागला की सायंसंध्या आटोपून मी समोर बसत असे, आणि तो मैदानात पडला की रामरक्षा सुरू करीत असे. तो बहुधा लगेच उठे. स्तोत्राचा गुण की खेळाडूची सवय, हे मी कधी विचारले नाही.

पुढे एकदा पडला तो मात्र लवकर उठला नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. निवृत्तीनंतर मी टेंभुर्णी सोडून जालन्यात घर केले होते, तेथे तो राहायला आला. चहा पिताना टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत असे. म्हणे, "मामा, डोकं अजून पळून राह्यलं, गुडघाच न्हाई म्हणतो."

अशा वेळी देवाने शेठजींना धाडले. शेठजी बियाण्यांचे व्यापारी. कुळ राजस्थानातले, जैन, पण पिढ्या जालन्यात गेलेल्या. त्यांनी हौसेने फुटबॉलचा संघ काढला होता. दुकानाला मॅनेजर, गोदामाला मॅनेजर, म्हणून संघालाही मॅनेजर हवा, असा त्यांचा सरळ हिशेब. भाच्याला त्यांनी एका मोसमासाठी ठेवून घेतले.

खेळाडू हसनाबाद, वाटूर भागातले, शेतकऱ्यांच्या घरचे जवान गडी. ते त्याला "कलकत्तेवाले सर" म्हणत आणि तो शब्द आदराचा नव्हता. त्याने काही नवे सांगितले की वाटूरचा गोलरक्षक हमखास म्हणे, "सर, हे गोवा न्हाई. हितं गवत कमी, ढेकळं जास्त."

मोसम जेमतेम चालला. अखेर एका सामन्यावर सगळे येऊन ठेपले. शेठजी म्हणाले, "सर, ही मॅच काढली तर पुढचा सीझन तुमचा. न्हाई तर मंग दुसरा माणूस बघावा लागेल. बियाणं उगवलं न्हाई तर मी तरी काय करू?" तारीखही त्यांनीच प्रयत्नपूर्वक नवरात्रात मिळवली होती. दिवस शुभ म्हणून.

येथेच घोटाळा झाला. घटस्थापनेच्या दिवशी पाच खेळाडू सरावाला अनवाणी आले. आमच्याकडे अनेक जण देवीसाठी दसऱ्यापर्यंत पायात काही घालत नाहीत. इतकी वर्षे परमुलखात राहिलेला माझा भाचा ते विसरून गेला होता. बुटांशिवाय तर नियमाने मैदानात उतरता येत नाही. गोलरक्षकाने हात जोडले, "सर, नोकरी तुमची जाईल हे कळतं. पण देवीला काय सांगू?"

भाचा घरी येऊन माझ्या पोथ्यांच्या कपाटापुढे उभा राहिला. "मामा, शास्त्रात काही वाट आहे का? जबरदस्ती मी करणार न्हाई."

हे शेवटचे वाक्य मला फार आवडले. मी म्हणालो, "अनवाणी चालणे हा लोकाचार आहे, पण लोकाचारालाही मान द्यावा. आरंभलेल्या व्रतात अडचण आली तर ते तेवढ्यापुरते प्रतिनिधीकडून करवून घेता येते. मुलगा, भाऊ, पुरोहित, मित्र."

"म्हणजे बदली खेळाडू!"

"तसे समज. मात्र ज्याचे व्रत, त्यानेच प्रतिनिधीला विनवायचे. तू स्वतःहून पुढे झालास तर ती मॅनेजरची आज्ञा होईल."

तो हिरमुसला. "ते माझ्याकडं पाणीसुद्धा मागत न्हाईत, मामा."

दुसऱ्या दिवशी मीच मैदानावर गेलो आणि मुलांना सारे समजावून सांगितले. एक म्हणाला, "मी आईला सांगतो." दुसरा हसला, "अरे, तुझी आई आधीच अनवाणी हाय!" मग गोलरक्षक बराच वेळ भाच्याच्या पायांकडे पाहत राहिला.

"सर, तुमी धरताल का आमचं? तुमाला तर नुसतं उभंच ऱ्हायचं असतं."

टोमणाही होता, विनंतीही होती. भाच्याने उत्तर देण्याआधी बूट काढले. मी त्याच्या हातावर पाणी सोडून संकल्प सांगितला. चौघांनी त्याला विनवले, पाचवा म्हणाला, "सर, माझं व्रत माझ्याच पायानं." भाचा म्हणाला, "बिलकुल. तू माझ्याजवळ बस." संघातला सर्वांत भरवशाचा बचावपटू त्याने असा हसतमुखाने गमावला. त्या क्षणापासून मुले त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागली, असे मला वाटले.

सामन्याच्या दिवशी कडेची रेघ सराट्यांनी भरलेली होती. ते काटेरी बी पायात रुतले की भलेभले नाचतात. भाचाही नाचला. एरवी त्याच्याकडे कानाडोळा करणारे खेळाडू त्या दिवशी त्याची प्रत्येक हालचाल टिपत होते. उत्तरार्धात त्याने एकाएकी डावा पाय उचलून हात उजवीकडे फेकला. आमचा उजवीकडचा गडी सुसाट पुढे सुटला आणि त्याच्याच पासवर गोल झाला. गावकऱ्यांनी मॅनेजरच्या अकलेचा जयजयकार केला. तो सराटा होता, हे मला भाच्याच्या चेहऱ्यावरून कळले होते. मी देवीला नमस्कार केला. शेवटी गोलरक्षकाने एक चेंडू अंग झोकून अडवला आणि सामना आमचा झाला.

शेठजी धावत आले ते बोलता बोलता थांबले. अनवाणी विहार करणाऱ्या मुनींचे पाय ज्यांनी जन्मभर वंदिले, त्यांना रक्ताळलेले तळवे पाहून हात जोडल्यावाचून राहवले नाही. "पुढचा सीझन तुमचा," ते म्हणाले, "पण आधी पायाला तेल लावा!"

गोलरक्षक हातमोजे काढून त्याच्या तळव्यातले सराटे उपटत होता. "सर, हलू नका ना. पोरींसारखं काय करून राह्यले!"

सामना संपल्यावर चौघांनी आपापले व्रत परत घेतले. भाच्याची सुटका झाली होती. तरी दसऱ्यापर्यंत तो अनवाणीच सरावाला जात राहिला. रोज सकाळी तो मैदानावर पोहोचे, तेव्हा कडेची रेघ कोणीतरी आधीच स्वच्छ झाडून ठेवलेली असे.