चार ग्रंथींवर दिलेला शब्द

सत्तरच्या दशकात आम्ही नवघरला भाड्याने राहत होतो आणि मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. आमच्या घरमालकीणबाई आगरी, पन्नाशीच्या, नवऱ्यामागे एकटीने भातशेती करणाऱ्या. मी त्यांना काकी म्हणायचे. शौचातून रक्त जातंय हे त्यांनी कित्येक महिने लपवलं. मला कळल्यावर मीच त्यांना आमच्या रुग्णालयात नेलं. मोठ्या आतड्यात कर्करोग निघाला, पण लहान. ऑपरेशन करून तेवढा भाग काढला.

तो तुकडा फॉर्मलिनच्या बरणीतून माझ्याच टेबलावर आला. आतड्याला चिकटलेल्या चरबीत लसग्रंथी असतात, मसुरीएवढ्या, काही त्याहून बारीक. रोग आतड्याबाहेर निघाला तर बहुतेक वेळा आधी तिथे पोचतो. त्या ग्रंथी बोटांनी चाचपून काढायचं काम माझं. मला चार मिळाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली चारही स्वच्छ निघाल्या. रिपोर्टवर सही व्हायच्या आतच मी वॉर्डात धावले.

"काकी, कुठे पसरलेलं नाही. सुटलात तुम्ही!"

त्यांनी माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी सहीसाठी रिपोर्ट पाहिला.

"चारच?"

"चारच सापडल्या, मॅडम."

"चार बघून 'नाही' म्हणता येत नाही. एवढ्या चरबीत आणखी असणारच. परत शोध."

मी चरबीचे पातळ काप केले आणि प्रत्येक काप चिमटीत दाबून पाहिला. आणखी सात मिळाल्या. शेवटची तर तांदळाच्या कणीएवढी. ती तिथेच राहू द्यावी असं मनात आलं. कुणाला कळलं नसतं. पण मी ती बाकीच्यांबरोबर ठेवली.

या नव्या ग्रंथींच्या काचपट्ट्या तयार होईपर्यंत मी वॉर्डाकडे फिरकले नाही. नवघरला विहिरीवर काकींची बहीण भेटली. "देवीला नारळ फोरला," म्हणाली. मी कळशी उचलून निघाले.

कणीएवढ्या ग्रंथीतच रोगाच्या पेशी होत्या.

"अकरात एक," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे बाहेर निघाला होता. अशा बऱ्याच जणी जगतात, काहींना परत होतो. त्यांना तपासणीला येत राहायला सांग. आणि यापुढे सहीआधी तोंड उघडू नकोस."

मी काकींच्या खाटेशी गेले. "काकी, मी घाई केली. एका ग्रंथीत सापडलंय."



"मंग आधी कशाला सांगितलंस, पोरी?"

"चुकलं माझं."

"जगणार का न्हाय मी?"

"माहीत नाही, काकी."

घरी आल्यावर महिनाभर त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. तपासणीला मात्र एकदाही चुकल्या नाहीत. दर वेळी मी सोबत जायचे. रोग परत आला नाही. पाच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. ते मी काकींना समजावून सांगू लागले, तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "तुमीच सांगा."