कपाच्या आधी पेटलेला जाळ

आयर्लंडमधल्या किल्ब्रॅक गावचा संघ गेलिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचला की चौकात जाळ रचायचं काम जार्लथ मॅनियनचं. कप गावात आला की तो पेटवायचा, अशी रीत. कप काही येत नसे. जार्लथ रचायचा, संघ हरायचा, आणि दुसऱ्या दिवशी जार्लथ एकटाच सगळं उसकटायचा. रचताना फोटोपुरती कमिटी हजर असे. उसकटताना प्रत्येकाला काम निघे.

तळाला दलदलीतून कापून वाळवलेलं पीट, म्हणजे जळाऊ माती, वर फळ्या, मधे हवेला वाट. क्लबचे अध्यक्ष क्विल्टी मास्तर दर खेपेला म्हणत, "दोन टायर टाक रे, पटकन पेटेल."

"टायर आळशाला लागतात, मास्तर."

यंदा गुडघे बोलत होते. एकदा तरी आपला जाळ पेटलेला बघायचा होता. "हा शेवटचा," तो बायकोला म्हणाला.

"आजवरचे सगळे शेवटचेच होते," डिलिया म्हणाली, आणि रेडिओ काखेत मारून मैदानावर गेली. डोळ्यांसमोरचा खेळही रेडिओने सांगितल्याशिवाय तिला खरा वाटत नसे.

जार्लथ मागेच राहिला. शेजारच्या गावच्या पोरांचा भरवसा नव्हता. उगाच काडी लावून गेली असती.

तिसऱ्या प्रहरी हॉर्न वाजवत मास्तरांची नवी गाडी आली. "जिंकलो, जार्लथ! तीन गुणांनी! लाव काडी!"

एका काडीत पेटला. ज्वाळा सरळ वर गेली, धूर नावाला. मास्तर गाडीपाशी उभे राहून भाषण पुटपुटू लागले.

मग बाकीच्या गाड्या आल्या. सावकाश, हॉर्न न वाजवता. कर्णधार डोनी उतरला. "हा कशाचा जाळ?"

"जिंकलो ना आपण?"

"बरोबरी झाली. शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोल घातला. गोलाचे तीन गुण, एका लाथेत सगळी आघाडी गेली. पंधरवड्याने पुन्हा खेळायचंय."

सगळे मास्तरांकडे वळले.

"मी होतो तोवर आपण जिंकतच होतो," मास्तर म्हणाले.

"मग उठलात कशाला?" डिलियाने विचारलं.

"नंतर गाड्यांची फार गर्दी होते."

कोणी हसलं नाही. संघातली पोरं घामाने भिजलेली होती. एकेक करून जाळाभोवती आली, हात शेकू लागली. "जाळ मात्र झकास जमलाय, जार्लथकाका," डोनी म्हणाला. फळ्या आतल्या आत बसत गेल्या, एकही बाहेर पडली नाही. जार्लथने ते शेवटपर्यंत पाहिलं. मग कंबर धरून उठला.

"मास्तर, उद्या सकाळी गाडी घेऊन दलदलीवर या. पीट भरायचंय."

"अरे, गाडी नवी आहे माझी!"

"या हो," जार्लथ म्हणाला. "तिथे गर्दी नसते."