साळीच्या साक्षगंधात साहेबांचा फ्रिज

मी ऑफिसात फार चांगला माणूस होतो. त्यापायी माझ्या साळीचं, म्हणजे मेहुणीचं, लग्न मोडता मोडता राहिलं.

ऑफिस भंडाऱ्यात. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण प्रत्येक खात्यात माझ्यासारखा एक बाबू असतोच, आणि त्याला उगाच वाटायचं की हे आपल्यावरच लिहिलं आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्याकडची अर्धी माणसं तिकडे गेली. कामं मात्र सगळी इथेच राहिली. ती कोणी करायची यावर बरेच दिवस चर्चा चालली. मग ती आपोआप थांबली, कारण तोवर ती कामं मी करू लागलो होतो.

"रामटेके बाबू, एवढं जरा पाहून घ्या," असं कोणी म्हटलं की मी विचार करायच्या आधीच माझी मुंडी हलायची. कुणाची फाईल, कुणाच्या पोराचा दाखला, साहेबांच्या घरचं गॅस सिलेंडर, सगळ्याला मुंडी एकच. ऑफिसात मला देवमाणूस म्हणायचे. (देवाला निदान नारळ तरी मिळतो.)

बायको वंदना शाळेत शिकवते, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा तिला कंटाळा येत नाही. "लोकं तुमाले वापरून राहिले जी," ती म्हणायची. "एकदा नाही म्हणून पाहा. जीभ काही झडत नाही." मला तिचं पटायचं. मी तिच्यापुढेही मुंडी हलवायचो.

त्या वर्षी धान निघाल्यावर तिच्या धाकट्या बहिणीचं, प्रतिभाचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) ठरलं. सासर माझं बपेऱ्याचं. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, हुंड्याच्या पक्के विरोधात. पंचक्रोशीतल्या कोणत्याही लग्नात माईक मोकळा दिसला की ते हुंड्यावर बोलून घ्यायचे. नवरदेवाचे वडील मेश्राम गुरुजीही त्याच विचाराचे निघाले. एक साडी, एक अंगठी आणि पेढे, याहून जास्त कोणी कोणाला काही द्यायचं नाही, असं दोघांनी भर बैठकीत ठरवलं होतं. मामाजींनी माझ्याकडे एकच काम दिलं. गावातली स्वयंपाकाची मोठी भांडी त्या दिवशी दुसऱ्या कार्यात गुंतलेली होती. मी सकाळी तुमसरहून भाड्याचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, आणि कढया टेम्पोत टाकून आणायच्या. आचारी वाट पाहत बसणार होता.

शनिवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या मिसेसची बदली तुमसरला झाली होती आणि बिऱ्हाड तिकडे हलवायचं होतं. "रविवारी तुम्ही तिकडेच जाऊन राहिले म्हणे? मग टेम्पोत आमचं सामानही जाईल," साहेब म्हणाले. मुंडी हलली. मी मनाची समजूत घातली की रस्ता एकच आहे. भंडाऱ्याहून सामान घेऊ, तुमसरला उतरवू, तिथेच भांडी चढवू आणि पुढे बपेरा. एवढं सोपं काम मला बऱ्याच दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी वंदना एसटीने पुढे गेली आणि मी साहेबांच्या दारात उभा राहिलो. फ्रिज, सोफा, कपाट, कूलर असं सगळं टेम्पोत चढलं. शेवटी साहेबांची आई चढली. त्यांना मोटारीत मळमळतं, टेम्पोची पुढची सीट चालते. साहेब म्हणाले, आजीला सांभाळून न्या, आम्ही मोहाडीला देवीचं दर्शन घेऊन तुमच्या आधीच पोचतो. किल्ली आपल्याजवळच आहे, असंही त्यांनी खिसा दाखवून सांगितलं. सीटवर मुन्ना ड्रायव्हर, आजी, आजीची तुळशीची कुंडी आणि उरलेल्या जागेत मी असे आम्ही निघालो.

तुमसरच्या नव्या घराला कुलूप होतं. फोन केला, तर मोहाडीत एका ओळखीच्यांनी साहेबांना जेवायलाच थांबवून घेतलं होतं. (त्यांनाही नाही म्हणवलं नाही.) दुपारपर्यंत येतो, तोवर तिथेच थांबा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. इकडे मामाजींचे फोन येऊ लागले. पाहुणे पोचले होते, आचाऱ्याने कांदे चिरून ठेवले होते आणि शिजवायला भांडं नव्हतं. सामान रस्त्यावर टाकता येत नव्हतं आणि आजीला तर मुळीच नाही. शेवटी साहेबांच्या सोफ्यावर गंज आणि कढया ठेवल्या आणि सगळंच घेऊन बपेऱ्याला गेलो. तासाभरात परत येऊ, असा माझा हिशोब होता. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "चाल ना बाबू. घरी बसून का करू? कुलूप पाहू?"

टेम्पो मांडवापुढे उभा राहिला तेव्हा पाहुणे खुर्च्यांवर बसलेले होते. मी आजींना हात धरून उतरवलं आणि पाणी द्यायला घरात नेलं. मी बाहेर येईपर्यंत गावातल्या तरुण मंडळींनी भांडी उतरवली होती, आणि कार्याचं घर म्हणून हात न थांबवता पुढचंही सगळं उतरवलं होतं. फ्रिज मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. कोणीतरी हौसेने त्याला झेंडूची माळही घातली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून सोफा थेट मंचावर गेला होता. त्यावर नवरदेव बसला होता, आणि त्याला तो आवडलेला दिसत होता. बायकांमध्ये प्रतिभाच्या नशिबाबद्दल कुजबुज चालली होती.

मामाजी फ्रिजकडे पाहत उभे होते. जन्मभराची भाषणं एकदम आठवावीत तसा त्यांचा चेहरा झाला होता. मेश्राम गुरुजी उठून माझ्यापाशी आले. आवाज अजिबात चढवला नाही.

"जवाईबापू, हे सामान नवरीसाठी आणलं का?"

आता इथे मी नाही म्हणायला हवं होतं. शब्द साधा होता, मला येतही होता. पण समोर वयाचा, मानाचा माणूस काही विचारतो आहे, एवढंच माझ्या मुंडीला कळलं, आणि ती हलली.

गुरुजी आपल्या माणसांकडे वळले. "चाला," म्हणाले. "आपल्याले हे जमणार नाही." पाहुणे आपापल्या चपला शोधू लागले. मामाजी मटकन खुर्चीवर बसले. प्रतिभा दाराच्या आडून पाहत होती; तिच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. मी गुरुजींच्या मागे धावलो, पण घशातून नुसतं "ते… सामान… तसं नाही" एवढंच निघत होतं, आणि त्यातलं "नाही" माझ्या तोंडी इतकं नवीन होतं की कोणी ते धरलंच नाही.

तेवढ्यात वरून हाक आली. घराच्या बाजूला धानाच्या तणसाचा ढीग होता. गावात मोबाईलला रेंज फक्त त्यावर चढल्यावर यायची (मामाजींचे सकाळचे फोनही तिथूनच आले होते), म्हणून मुन्ना फोन घेऊन तिथे आडवा झाला होता. साहेबांचा फोन होता. मी चढलो. खरं सांगायचं तर खाली उभं राहण्यापेक्षा ते बरं वाटलं. मुन्नाने, मला ऐकू यावं म्हणून, फोन स्पीकरवर टाकला.

साहेब तुमसरच्या रिकाम्या घरात उभे होते आणि तापले होते. माझं सामान कुठे, माझी आई कुठे, असेल तिथून ताबडतोब निघा. ढिगावरून आवाज असा पसरला की खालचे पाहुणे चपला हातात धरून थांबले. मी "हो साहेब" म्हणायला तोंड उघडलं.

"कोन होय? माहा पोरगा होय का?" खालून आजींनी विचारलं. हातात पेढा होता. मुन्नाने होय म्हटलं. तशी त्या ढिगापाशी येऊन, मान वर करून, शेतात हाक मारावी तशा बोलल्या, "मी नाही येत आत्ता. जेवून येईन."

फोनमधून साहेबांनी आई, आई असं दोनदा केलं.

"आई का आई? या बाबूच्या घरी कार्य हाये. तो तुह्या घरचा गडी होय का? तुह्या सोफ्यापायी इथं पाहुणे उठून चालले." एवढं बोलून त्यांनी पेढा तोंडात टाकला. त्यांच्या बाजूने विषय संपला होता.

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. बाईने सख्ख्या पोराला नाही म्हटलं होतं, आणि आभाळ जागच्या जागी होतं. खाली वंदना उभी होती. वर्गात एखादं मठ्ठ पोर फळ्यापाशी गेल्यावर बाई जशी पाहते, तशी पाहत होती.

"साहेब," मी म्हटलं, "सामान आत्ता येणार नाही. माझ्या घरी साक्षगंध आहे. आटोपलं की टेम्पो पाठवतो. उतरवायला माणसं तुम्ही पाहा, मी येणार नाही."

साहेबांनी फोन कट केला.

मी घसरत खाली आलो तेव्हा गुरुजी समोरच होते. "म्हणजे हे सगळं तुमच्या सायबाचं होय?"

"होय."

"मंग मघा हो काहून म्हणले?"

"सवय आहे जी," मी म्हटलं.

गुरुजी हातातल्या चपला खाली ठेवून हसू लागले, आणि ते हसले म्हणून बाकीचेही हसले. मामाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी आधी फ्रिज आणि सोफा टेम्पोत परत चढवायला लावला. नवरदेव सोफ्यावरून जरा नाखुशीनेच उठला. मग त्रिशरण-पंचशील झालं, अंगठी झाली, जेवणं उशिरा पण पोटभर झाली. आजी नवरदेवाच्या शेजारी बसून जेवल्या. निम्म्या पाहुण्यांचा त्या नवरीच्या आजी असल्याचा समज शेवटपर्यंत कोणी मोडला नाही.

सोमवारी मी ऑफिसला गेलो तो बदली पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याला झाली असं धरूनच. साहेबांनी काही दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. सिलेंडरही सांगितलं नाही. याखेरीज काहीच झालं नाही. ते काहीच न होणं मला इतकं आवडलं की मी शेजारच्या टेबलाच्या फाईली शेजारच्या टेबलावर परत ठेवल्या. त्या बाबूने घाबरून माझी तब्येत विचारली. हळूहळू मी वेळेवर घरी जाऊ लागलो. प्रतिभाच्या लग्नापर्यंत तर माझं बरंच नाव झालं. रामटेके बाबू आता तोंडावर नाही म्हणतो, असं लोक कॅन्टीनमध्ये सांगायचे, आणि साहेबही मला काम सांगताना "जमेल का?" म्हणू लागले.

मग एकदा कामाच्या ताणावर शिबिर घ्या, असं वरून आलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले की नव्या मुलांना 'नाही म्हणायला कसं शिकावं' यावर कोणीतरी दोन शब्द सांगायला हवेत, आणि तुमच्याइतका अधिकाराने बोलणारा माणूस ऑफिसात दुसरा नाही. फक्त शिबिर सुट्टीच्या दिवशी आहे, रविवारी.

मी हो म्हटलं. सतरंज्या आणि खुर्च्याही मीच मांडल्या.