हॉर्न वाजला नव्हता

डॉक्टरांनी माझ्या डोक्यावरचा शेवटचा टाका काढला, स्वतःच्या तोंडावर बांधलेले फडके खाली ओढले आणि म्हणाले, "जखम भरली. पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे अपघातामुळे झालेलं नाही. जुनं दुखणं आहे."

मी हसलो. त्यांचा शब्द अन् शब्द मला समजला होता, मग ऐकू येत नाही म्हणजे काय?

त्यांनी फडके पुन्हा वर चढवले. ते जरासे हलले, एवढेच मला दिसले. मग ते खाली घेऊन डॉक्टर म्हणाले, "आत्ता मी तुमचं नाव विचारलं होतं." मला त्यांचा भयंकर राग आला.

हे मी लिहितो आहे ते माझ्यासारख्या गिरणीवाल्यांसाठी, आणि आमच्या मागून मोटार हाकणाऱ्यांसाठीही.

मी सोलापूरच्या एका गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवणारा. कामावर सायकलीने जायचो. मोटारवाल्यांशी माझे हाडवैर होते. रस्ता बापाचा असल्यासारखे ते मधोमध येणार आणि सायकलवाल्याने कडेच्या फुफाट्यात उतरायचे. मी उतरत नसे. एका सकाळी विजापूर वेशीजवळ मंद्रूपकडे रोज उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीने मला मागून उडवले. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. दुखण्याचे नाव कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मान वळवली की खाट गरगरायची, पोटात पाणी ठरत नसे. डॉक्टर डोळ्यांत दिवा धरून पाहत आणि काही न बोलता पुढच्या खाटेकडे जात. माझी बायको गंगू उशाशी बसून असे.

जरा बोलण्याजोगा झालो तसा हवालदार जबाब घ्यायला आला. मी सांगितले, मोटारवाल्याने हॉर्न वाजवला नाही. त्यात माझ्या मते एक अक्षर खोटे नव्हते. त्या जबाबावर ड्रायव्हर हुसेनभाईला कोठडीत टाकले. तो म्हणे, मी हॉर्नवर हॉर्न दिले, हा माणूस हललाच नाही. आता खटला उभा राहायचा होता. तो हरला तर तुरुंग, आणि सुटून आल्यावर हाती पुन्हा मोटार मिळायची नाही. बरा धडा मिळेल, असे मी गंगूला म्हणालो.

आणि आता डॉक्टर म्हणत होते की मला ऐकू येत नाही. ते खरे असेल, तर एका माणसाला मी फुकटचा तुरुंगात धाडत होतो. मोटारीच्या मालकाने तुम्हाला गाठलेले दिसते, असे मी डॉक्टरांच्या तोंडावर बोललो.

ते रागावले नाहीत. त्यांनी ट्यूनिंग फोर्क आणला. तो लोखंडाचा दोन दातांचा काटा असतो, ठोकला की नाद करतो. कानाजवळ धरला तेव्हा मला काही कळले नाही. कानामागच्या हाडावर टेकवला तेव्हा नुसती थरथर जाणवली. त्यांनी आजाराचे नाव सांगितले, नर्व्ह डेफनेस, म्हणजे कानाची शीर निकामी होणे. वर्षानुवर्षे मागांच्या खडखडाटात उभे राहणाऱ्याला तो हळूहळू जडतो. दुखत खुपत नाही, म्हणून कळत नाही, आणि त्यावर औषध नाही.

"मग मी सगळ्यांशी बोलतो कसा?"

"साचेखात्यात कसे बोलता?" त्यांनी उलट विचारले.

तिथे कानाचा उपयोगच नाही. आम्ही एकमेकांचे ओठ पाहून बोलतो. बाहेरही मी तेच करत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. भजनाला जाणे मी सोडले होते, कारण मंडळी हल्ली पुटपुटल्यासारखी गातात अशी माझी तक्रार होती.

तरी मी हटून बसलो. गिरणीचा भोंगा रोज ऐकूनच उठतो म्हणालो. गंगू खाली बघू लागली. मग माझ्या समोर येऊन तिने सांगितले, "भोंगा मी ऐकते. मी हलवून उठवते तुमास्नी. तुमी चिडता म्हून कधी बोलले न्हाय."

एवढे होऊनही मी म्हटले, त्या ड्रायव्हरला आणा, तोच हॉर्न माझ्या पाठीमागे वाजवू द्या. डॉक्टरांनी निरोप धाडला आणि हवालदार हुसेनभाईला त्याच मोटारीतून घेऊन आला.

मला अंगणात स्टुलावर बसवले, पाठ फाटकाकडे. गंगू समोर उभी राहिली. हॉर्न ऐकू आला तर मी खरा आणि तो तुरुंगात. नाही आला तर तो सुटला आणि मी बहिरा. देवाशपथ सांगतो, ऐकू यावा असेच मला वाटत होते.

मी वाट पाहत राहिलो. गंगूचे खांदे दचकले. व्हरांड्यातल्या रोग्यांनी एकदम माना वळवल्या. पुन्हा काही वेळ गेला आणि गंगूने डोळे गच्च मिटून घेतले.

"वाजवा की आता," मी म्हणालो.

कोणी हलले नाही. गंगू रडत होती. मी मागे वळलो, तर मोटार माझ्यापासून चार हातांवर उभी होती आणि हुसेनभाईचा हात हॉर्नच्या रबरी फुग्यावर होता.

मी हवालदाराला सांगितले, "माजा जबाब खोडा. हॉर्न वाजला व्हता, मला ऐकू आला न्हाय, असं लिवा."

हवालदार कागद घेऊन आत गेल्यावर हुसेनभाई जवळ आला आणि काही बोलू लागला. त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या, मला काही उमजेना. गंगूने समोर येऊन सांगितले, "त्ये म्हनत्यात, रोज वाटायचं ह्यो मानूस मुद्दाम आडवा जातोय. म्हून घसटून मोटार काढायचो. त्या दिशी लईच घसटली."

मी त्याच्याकडे पाहिले. तो मान खाली घालून उभा होता. हे लिहून घ्यायला हवालदाराला मी परत हाक मारली नाही. इतके दिवस आम्ही दोघेही एकमेकांना हट्टी समजत होतो, आणि मरता मरता मी वाचलो होतो.

कान गेले ते गेलेच. कित्येक दिवस मी घराबाहेर पडलो नाही. कोणी हसले की मलाच हसतात असे वाटे. माझ्यासारखे काम करणाऱ्यांनी एकदा घरच्या माणसाला पाठीमागून हाक मारायला सांगावे. उत्तर काय येईल या भीतीने टाळू नये. आणि मोटारवाल्यांनो, पुढचा सायकलवाला बाजूला होत नसेल तर तो उर्मटच असेल असे धरून चालू नका.

आता मी पुन्हा सायकलीवर जातो, कडेने, आणि थोड्या थोड्या वेळाने मागे वळून पाहतो. पण जुनी खोड आहे, कधी विसरतो. परवा असाच विचारात मधोमध चाललो होतो. बऱ्याच वेळाने मागे पाहिले, तर हुसेनभाईची मोटार, उतारूंनी गच्च भरलेली, माणसाच्या चालीने माझ्यामागून येत होती. आतले लोक हातवारे करून त्याच्यावर ओरडत होते. मी बाजूला झालो, त्याने हात वर केला आणि मोटार पुढे नेली. ती किती वेळ माझ्यामागे होती, ते त्याने मला कधी सांगितले नाही.