दगड कुठून येतो

दादा गेल्याची बातमी मला बसच्या कंडक्टरने सांगितली. कोपरखैरण्याच्या आमच्या शाळेच्या फाटकासमोर बसथांबा नाही. तरी त्या दिवशी मधल्या सुट्टीत बस तिथे थांबली, कंडक्टर खाली उतरला आणि सरळ माझ्याकडे आला. "बाई, काशिनाथसाहेब..." एवढंच म्हणाला आणि चामड्याच्या पिशवीचा पट्टा चाळवत उभा राहिला. सकाळी डेपोत हजेरी देतानाच दादाच्या छातीत कळ आली होती, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तशीच बसमध्ये चढले. घणसोलीपर्यंत कुणी तिकीट मागितलं नाही, आणि 'चला, उशीर होतोय' असंही कुणी म्हणालं नाही. आमच्या नव्या मुंबईत हे नवलच. या गोष्टीला आता दीड महिना झाला. दादा पन्नाशीलाही टेकला नव्हता. काही माणसांना कशाचीच घाई नसते आणि जायची तेवढी असते, याचा मला अजून राग येतो.

बसवर प्रवासी सुरक्षा अधिकारी व्हायचं असं काही त्याने लहानपणापासून ठरवलं नव्हतं. उलट तरुणपणी तो बस अडवणाऱ्यांतला. नव्या शहरासाठी आमची भातशेती गेली, मोबदल्यासाठी गावोगाव आंदोलनं झाली, त्यात दादा कायम पुढे. नंतर पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला, ते वर्कशॉप बंद पडलं आणि तो ओटीवर बसून राहू लागला. तेवढ्यात इथली नवी बससेवा सुरू झाली आणि भूमिपुत्रांमधून सुरक्षेसाठी माणसं घेणार असं कळलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "आंदोलनात होता का?" शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. आमचे बंधुराज म्हणाले, "होतो साहेब. दगडपन मारलेत." मग तुम्हाला का घ्यावं, असं साहेबांनी विचारल्यावर म्हणाला, "दगड कुठून येतो ते मला ठाऊक हाय. तुमच्यातल्या कुणाला हाय का?" घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. पण नोकरी मिळाली!

खाकी नाही, निळा शर्ट. काठी नाही, एक शिट्टी. भांडण मारून नाही, बोलून मिटवायचं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं म्हणे. गावात त्याची टिंगल व्हायची. पारावरची म्हातारी मंडळी मुद्दाम उठून उभी राहायची, "अधिकारी, जरा बिडी द्या." तो द्यायचा. बसमध्ये त्याचं काम काय होतं, तर पावण्याहून शिफ्ट सुटली की पिऊन आलेल्याला गोडीगुलाबीने मागच्या सीटवर नेऊन बसवायचं, कारखान्यातल्या मुलींच्या मागे धक्के देत उभ्या राहणाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याच्या बापाचं नाव विचारायचं. बापाचं नाव विचारलं की माणूस पुढच्या थांब्याला उतरतो, असा त्याचा अनुभव होता. म्हावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या आमच्या बायका आणि नाकाला पदर लावणाऱ्या कॉलनीतल्या बायका यांची जुंपायची. दादा सांगायचा, "ताई, संध्याकाळी तुमच्याच ताटात येनार हाय ते. आत्ताच कशाला भांडता त्याच्याशी?" दोन्हीकडच्या हसायच्या. पाटी दाराजवळ सरकायची, बस पुढे निघायची.

खरा प्रश्न बंदच्या दिवसांचा होता. मोबदल्याचं घोंगडं भिजतच होतं. गावं मधूनमधून बंद पुकारायची आणि पहिला दगड बसवर पडायचा, कारण बस मोठी असते आणि उलटून मारत नाही. त्यात काचा फुटायच्या, ड्रायव्हर गाडी काढायला तयार नसायचे, आणि रोजंदारीवरच्या बायकांचा खाडा व्हायचा. यावर दादाने जो उपाय शोधला तो आमच्या गावातल्या माणसालाच सुचू शकतो. तो म्हणाला, मारणारी पोरं आपलीच, तर त्यांच्या आया खिडकीत बसवू. आईवर कोण दगड मारील? आणि सगळ्यांत आधी त्याने विचारलं ते आमच्या आईला.

आई काय, हुरळूनच गेली. नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून, लग्नाला निघाल्यासारखी पुढच्या खिडकीत जाऊन बसली. मागच्या खिडक्यांत आळीतल्या चार जणी. वेशीवर पोरं हातात दगड घेऊन उभी होती. त्यांच्यातला एक ओरडला, "आये, तू कनाला बसलीस?" आई काच सरकवून म्हणाली, "माजी हौस! मार ना, बघू कवरा जोर हाय!" पोरं दगड टाकून हसायला लागली. पुढचे दोन-तीन बंद असेच गेले. एकही काच फुटली नाही. वरिष्ठांनी दादाची पाठ थोपटली. आई तर गावभर सांगत सुटली, आता मना पन पगार द्या म्हणून.

मग एका बंदला ती बस आमच्या वेशीवर न थांबता खाडीच्या अंगाला असलेल्या पुढच्या गावापर्यंत न्यायचं ठरलं. आई नेहमीसारखी पुढच्या खिडकीत, दादाही बसमध्ये होता, दारात उभा. जे आम्हां कुणाच्याच डोक्यात आलं नाही ते साधं होतं. आमच्या गावात ती सगळ्यांची आये होती, पुढच्या गावात ती बसमधली एक म्हातारी होती... दगड काचेवर बसला आणि काच आईच्या डाव्या डोळ्यात गेली. डॉक्टरांनी प्रयत्नांची शिकस्त केली, पण डोळा वाचला नाही.

दवाखान्याच्या जिन्यात मी दादाला गाठलं. मी शिक्षिका, रोज मुलांना 'हळू बोला' सांगणारी, पण त्या दिवशी मी ओरडले. "आईला ढाल केलीस! बस वाचवायला आईच सापडली तुला?" तो भिंतीला टेकून उभा होता. शर्टावर आईचं रक्त वाळलं होतं. म्हणाला, "बाय, पयली आपली बसवली नसती, तर दुसऱ्याची कंच्या तोंडानं मागितली असती?" त्याचं बरोबर होतं आणि मी त्याला पुरती माफी दिलेली नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तो गेला म्हणून त्यातली एक खोडून टाकावी असं मला वाटत नाही.

पोलिसांनी चौकशी केली, कुणाचं नाव पुढे आलं नाही. दादा मात्र एका सकाळी निळा शर्ट न घालता, साध्या कपड्यांत त्या गावात एकटा गेला. देवळासमोर बसला. माणसं जमली तशी म्हणाला, "मारनारा कोन, ते मना नको. ती कोन व्हती, तेवरा ऐका." आणि त्याने आईबद्दल सांगितलं. भातलावणीला ती कशी गाते, कुणाकुणाच्या बाळंतपणांना धावली, चेष्टा किती करते. बोलून झाल्यावर उठून चालत परत आला. पुढच्या आठवड्यात त्या गावच्या बायका टोपलीत जिवंत चिंबोऱ्या, खाडीतले मोठे खेकडे, घेऊन आमच्या ओटीवर आल्या. आल्या आल्याच त्या पदराने डोळे पुसू लागल्या. शेवटी आईच डोळ्यावरची पट्टी सावरत म्हणाली, "रडताव काय? चाय घ्या. मना कुनी बसवली नाय, मी माजी बसले." पुढच्या बंदला त्याच बायका आपल्या थांब्यावर बसमध्ये चढल्या आणि खिडक्या धरून बसल्या. दादा हातापाया पडत होता, उतरा म्हणून. त्या उतरल्या नाहीत. त्या रस्त्यावर पुन्हा दगड पडला नाही. कार्यालयाने त्याचा सत्कार ठरवला तेव्हा मात्र त्याने रजा टाकली आणि दिवसभर घरामागे लाकडं फोडत बसला.

आई त्याला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणते. त्या दिवसापासून तो जेवायला आईच्या डाव्या हाताला बसू लागला. मला वाटायचं, त्या बाजूचं तिला दिसत नाही म्हणून वाढायला सोयीचं पडावं. परवा वहिनीने खरं कारण सांगितलं, की त्याला आईच्या नजरेसमोर घास गिळवत नसे. आणि आईला हे ठाऊक होतं. ती दर दोन घासांनी अख्खी मान वळवून त्याच्याकडे बघायची, तो ताटात बघायचा. मान अवघडली तरी रोज.

गेल्या रविवारी मी घणसोलीला होते. दुपारी पानं वाढली. आई समोर बघत हळूहळू जेवत होती. मान वळवत नव्हती. तिच्या डावीकडचा पाट रिकामा होता, तो मला बघवेना, म्हणून मी माझं ताट घेऊन तिथे जाऊन बसले. भांड्याचा आवाज ऐकून आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हितून ऊठ, बाय," ती म्हणाली. "या बाजूचा मना दिसत नाय. नाय बघितला, तर तो हितंच बसलेला हाय."

मी ताट उचललं आणि उजवीकडे येऊन बसले.