पाहणीची भिंत

कोणाच्याही घरात शिरले की अण्णा आधी भिंतीवर तळहात टेकवायचे. पाणी नको, चहा नको. थोडा वेळ तसेच उभे राहायचे, मग हात उलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "अजून एक हात पाहिजे बघा." चुन्याचे दोन हात ठरलेले असायचे. तिसरा ते आपल्या मनाने मारून जायचे आणि त्याचं वेगळं काही मागायचे नाहीत.

सप्तापुरात आमच्या घराला लागून दोन खोल्या मी विद्यार्थ्यांना भाड्याने देतो. मुलं वर्षभर त्या भिंतींवर गणितं, फोन नंबर आणि मनातली नावं लिहून ठेवतात. मे महिन्यात अण्णा येऊन ते सगळं एका दिवसात मिटवून टाकायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे हाक मारतात पण ज्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं. अण्णांचं नाव मला कळलं ते त्यांच्या अर्जावरून, म्हणजे ओळख होऊन पंधरा वर्षं झाल्यावर.

तो अर्ज घराच्या अनुदानाचा होता. मी तेव्हा अशी अनुदानं देणाऱ्या एका कचेरीत कारकून होतो. कचेरी कोणती ते सांगत नाही, माझी पेन्शन अजून तिथूनच येते. अण्णांचं घर रायापूरच्या अंगाला, मातीच्या भिंती आणि वर पत्रे. रस्त्याकडची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली होती. त्यांच्या बायकोला दमा. पावसाळ्यात ओल चढली की तिला आडवं होता येत नसे, बसूनच झोपायची. एक पक्की खोली झाली असती तर ती बाई सुखाने पाठ टेकू शकली असती, एवढाच सगळा मामला.

अनुदान मिळतं ते कच्च्या घराला. पाहणीचे साहेब येतात, मालकाला घरापुढे उभं करून फोनवर फोटो काढतात, आणि वर बसलेलं कोणीतरी तो फोटो पाहून ठरवतं. तारीख कळल्यावर मी अण्णांना सांगितलं, "सोमवारी साहेब येतील, तयारीत राहा." एवढंच सांगितलं. जास्त काही सांगायची गरज आहे असं मला वाटलं नाही.

अण्णांनी तयारी केली. कळीचा चुना भिजवला, डिंक घातला, चिमूटभर नीळ टाकली आणि रविवारभर खपून त्या पोट सुटलेल्या भिंतीला तीन हात दिले. दारात सारवण, रांगोळी, शेजाऱ्याकडून आणलेली खुर्ची. साहेब खूश झाले. चहा प्यायले, फोटो काढून गेले. दोन महिन्यांनी शेरा आला: घर सुस्थितीत आहे. अर्ज नामंजूर.

मी त्यांना फार बोललो. इतक्या वर्षांत अक्कल कशी आली नाही, असंही बोललो. अण्णा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मालक, कुणी घरी येणार म्हटल्यावर भिंत तशीच ठेवायची व्हय?" आमच्या आईनेही तेच केलं असतं.

नवी यादी उघडायला दोन वर्षं गेली. या खेपेला मी आधीच ताकीद दिली की पाहणी होईपर्यंत बाहेरून चुना लावायचा नाही, भिंत काळी पडली तर पडू दे. अण्णा हळूच म्हणाले, "चुना आहे म्हणून माती धरून आहे हो. पाऊस आत शिरतो." मी म्हटलं, एका वर्षाने काही होत नाही. नियम मला कळत होते, भिंत त्यांना कळत होती. पण मी कचेरीतला माणूस, म्हणून त्यांनी माझं ऐकलं.

ते वर्ष त्यांनी कसं काढलं कोण जाणे. भिंतीला शेवाळ आलं, पोपडे सुटले. शेजारी चिडवायचे, गावाला उजळवून येतो आणि स्वतःच्या दाराला काजळी. अण्णा हसायचे, पण घरी जाताना वळसा घालून मागच्या दाराने जाऊ लागले होते. दुसऱ्या पाहणीला मीही गेलो. अण्णा भिंतीपुढे मान खाली घालून उभे राहिले. साहेबांनी चेहरा दिसला पाहिजे म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी मान वर केली. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. फोटो मात्र नियमाला हवा तसा आला. आत कोणी गेलं नाही.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी ती भिंत पडली. बायको रेशनच्या रांगेत होती आणि अण्णा कामावर, म्हणून दोघं वाचली. ती दोघं अळणावरला मेव्हण्याकडे राहायला गेली.

मंजुरी आली दिवाळीच्या तोंडावर. पाया आधी स्वतः घालायचा, त्यावर उभं राहून फोटो द्यायचा, मग पहिला हप्ता. मी उत्साहाने अण्णांना फोन केला. पायापुरते पैसे मी घालतो, असंही म्हणालो.

"नको मालक," ते म्हणाले. "मी माझ्या हातानं माझं घर पाडलं. ती जागा आता बघवणार नाही."

त्यांच्या हातानं नाही, माझ्या शब्दानं पडलं, हे त्या वेळी म्हणायला हवं होतं. मी फक्त विचार करा म्हटलं आणि फोन ठेवला. पुढे अण्णा फोन उचलेनासे झाले.

मंजुरीची मुदत संपली तेव्हा जागेची शेवटची पाहणी माझ्याकडे आली. निवृत्तीला महिनाच उरला होता, कंटाळा आला होता, तरी गेलो. रस्त्याकडची भिंत नसल्यामुळे घराच्या आतलं सगळं उघड्यावर पडलं होतं. उरलेल्या तिन्ही भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या, किंचित निळसर. बाहेरून लावू नका म्हटल्यावर या माणसाने वर्षभर आतून चुना लावला होता. जाणारे-येणारे स्कूटर थांबवून बघत होते.

कागदावर कारण लिहिणं भाग होतं. कचेरीच्या रिवाजाप्रमाणे मी कन्नडमध्ये लिहिलं, लाभार्थ्याची इच्छा नाही. खाली सही माझी आहे.