बसलेल्या माणसांपुढं कॉर्नेट

मला किळस लवकर येते. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून जिनं आयुष्य काढलं तिला ती येऊ नये, असं लोकांना वाटतं. माझं उलट झालंय. आमच्या सोलापुरात माणूस दात दाखवायला येतानाही तोंडात मावा घेऊन येतो आणि डॉक्टर रागावतील म्हणून जिन्याच्या कोपऱ्यात थुंकून मग वर चढतो. मी तिथं देवांच्या फरशा लावून घेतल्या. तर लोक देवांना हात जोडून शेजारच्या कोऱ्या भिंतीवर थुंकायला लागले. आता काय बोलायचं?

त्यामुळं एका बँडवाल्याच्या वाजवण्यानं मला वेड लावावं, आणि तेही ज्यातून टपटप पाणी गळतं असल्या वाद्यानं, हे माझं मलाच पटत नव्हतं.

आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो. पहिल्यांदा आले ते दुपारी, गर्दी ओसरल्यावर. साठी ओलांडलेली, बँडची लाल पँट, वर साधा पांढरा शर्ट आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. कुठला दात दुखतो ते त्यांना सांगता येईना. खाताना दुखत नाही, बोलताना दुखत नाही, फक्त वाजवताना दुखतं, असं म्हणत होते. डॉक्टर वैतागले. तेव्हा मास्तरांनी चादर सोडली.

"दाखवून कळायचं न्हाय डॉक्टर. वाजवून दाखवतो."

मी कपाळाला हात लावला. म्हणलं, आता इथं वरात निघणार. हातातलं वाद्य ट्रम्पेटसारखंच, पण बुटकं; त्याला कॉर्नेट म्हणतात हे मला मागून कळलं. पितळेवरचा मुलामा उडालेला, तोंडाशी एक पोचा, आणि दाबायच्या तीन कळांपैकी एकीवर चक्क शर्टाचं बटण चिकटवलेलं. त्यांनी ते ओठाला लावलं आणि वाजवलं, ते इतकं हळू की मला आधी कळलंच नाही सुरू झालंय म्हणून. सूर सरळ लावलाच नाही त्यांनी. खालून आला, दारात उभं राहून येऊ का नको करणाऱ्या पाहुण्यासारखा जरा घुटमळला, आणि मग आत आला. बाकावर गाल सुजलेला एक माणूस बसला होता, त्यानं गालावरचा हात काढला. मी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग मास्तर थांबले, डोळे मिटले, आणि वरच्या समोरच्या दातावर बोट ठेवलं. "हितं."

आणि खालची छोटी कळ दाबून त्यांनी नळीतलं पाणी माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सोडलं. शी! मी फडकं आणलं. ते ओशाळले. म्हणाले, थुंकी नाही ताई, श्वासाची वाफ आहे, काचेवर हा केल्यावर येते की, ती. मी तरी पुसलंच.

तपासणीत निघालं ते वाईट होतं. वरचे समोरचे दात सगळे हलत होते, हिरड्यांत पू. काढावेच लागणार होते. मास्तरांनी एकच विचारलं, कवळी लावून वाजवता येईल का? आमचे डॉक्टर खोटं बोलत नाहीत. खाता येईल, बोलता येईल म्हणाले, वाजवण्याचं काही खरं नाही. मास्तर खुर्चीतून उठेनात. मग म्हणाले, थोडे दिवस द्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फार ताणू नका म्हणून बजावलं.

गोळ्या संपल्या की मास्तर यायचे आणि नंबर लागेपर्यंत माझ्या काउंटरशी बसायचे. मी विचारायची, ते सांगायचे. ते कॉर्नेट त्यांच्या उस्तादाचं. उस्ताद तरुणपणी रेल्वेच्या वसाहतीत साहेब लोकांच्या नाचाला वाजवायचे, तिथून त्यांनी हे वाजवणं उचललं. मास्तर त्याला 'तिरपं वाजवणं' म्हणायचे. गाणं सरळ जातं, आपण त्याच्या कडेकडेनं जायचं, मधेच आडवं शिरायचं, परत सुटायचं. त्याला जॅझ म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, पण तो शब्द ते लाजत लाजत उच्चारायचे, जसं काही परक्याच्या घरातून उचलून आणलाय. वरातीत मात्र बँडच्या मालकाचं चकचकीत ट्रम्पेट वाजवावं लागे. त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे. "ते वराडतं ताई. हे बोलतं."

कॉर्नेटचं ओठाला लावायचं तोंड ते वेगळं काढून शर्टाच्या खिशात, धुतलेल्या रुमालात ठेवायचे. थंड तोंड ओठाला लावलं तर सूर रुसतो म्हणे. कळांना शिवणयंत्राचं तेल. आणि पिशवीत एक अर्धी करवंटी. ती डाव्या हातात धरून वाद्याच्या पुढच्या पसरट तोंडावर झाकायची, उघडायची, की सूर माणसासारखा वाँव वाँव बोलायला लागतो, कुरकुरतो, लाडात येतो. मी घरी मोबाईलवर शोधलं. परदेशातली माणसं यासाठी रबराची वाटी वापरत होती, मोरी तुंबल्यावर आपण वापरतो तसली! मी मोबाईल पालथा ठेवला. म्हणलं, आपली करवंटी किती स्वच्छ. पुढच्या खेपेला मी घरचा नारळ फोडून चांगली गोल करवंटी निवडली, शेंड्या काढल्या, काचपेपरनं कड गुळगुळीत केली आणि मास्तरांना नेऊन दिली. त्यांनी ती कानाला लावून टिचकी मारली आणि जुनी पिशवीतून काढून टाकली. मला केवढा आनंद झाला, काय सांगू.

तेव्हाच ते बोलले.

"ताई, जल्मभर चालत वाजवलं. म्होरं नाचणारी, मागं जनरेटरची गाडी. थांबून कोन ऐकतंय? बसलेल्या मानसांपुडं एकदा वाजवायचं हाय. दात हायत तवर."

आता आमच्या दाजींकडं येते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. टॉवेलच्या धंद्यात बरं चाललंय, होटगी रोडला बंगला आहे, आणि प्रत्येक गोष्ट 'क्लास' पाहिजे हा हट्ट. त्यांची साठी लॉनवर करायची ठरली होती आणि डीजे नको, काहीतरी वेगळं पाहिजे म्हणून बहीण माझ्याशी बोलली. मी लगेच मास्तरांचं सांगितलं. जॅझ म्हणल्यावर दाजी खूश. त्यांच्या मित्रांत कुणाच्याच साठीला जॅझ झालेलं नव्हतं ना!

मास्तरांनी लाल पँट घातली नाही. इस्त्रीचा काळा सदरा घालून आले. संध्याकाळी माणसं गोल टेबलांभोवती बसली होती, समोर चिवडा, कांदा, लिंबाच्या फोडी. मास्तरांना खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले. खिशातून तोंड काढून वाद्याला बसवलं, माझी करवंटी डाव्या हातात घेतली आणि सुरू केलं.

देवाशपथ सांगते, लोक ऐकत होते. आधी जवळची टेबलं गप्प झाली, मग मागची. चिवडा कुरकुरायचा थांबला. वाढणारा एक माणूस हातात ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. मास्तर कडेकडेनं जात होते, मधेच करवंटी उघडून खट्याळ काहीतरी बोलत होते, आणि एक म्हातारी, मांडीवर नात निजलेली असावी तशी, हळूहळू मान डोलवत होती. मी मास्तरांचे पाय बघत होते. ते एका जागी होते. पहिल्यांदाच.

दाजींना हे सोसलं नाही. साठी त्यांची, आणि एकही माणूस त्यांच्याकडं बघत नाही म्हणजे काय? ते उठले, टेबलावरची लिंबाची फोड उचलली आणि मास्तरांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

लहानपणी बँडपुढं शेंबडी पोरं हा खेळ करायची. वाजवणाऱ्यासमोर चिंच चोखत उभं राहायचं. बघणाऱ्याच्या तोंडात लाळ दाटते, ओठ घसरतात, सूर फुटतो. वरातीत मास्तर पाठ फिरवून पुढं चालू लागायचे. इथं चालायला जागा नव्हती. आणि समोर पोर नव्हतं, साठ वर्षांचा घोडा होता, गळ्यात सोन्याची साखळी. त्यांनी फोड तोंडात कोंबली आणि मिटक्या मारत चोखायला सुरुवात केली. सुर्र, सुर्र. डोळे फिरवले. रस हनुवटीवरून मनगटापर्यंत गेला, तो जिभेनं चाटला. त्यांचा मुलगा मोबाईल धरून शूटिंग करत होता. मास्तरांनी डोळे मिटले. पण डोळे मिटून काय होतंय, तो आवाज कानात जातो की! सूर चरकला, फुटला, नळीत गुरगुरलं, आणि सगळं लॉन हसत सुटलं. त्या हसण्यात पुढं मला काही ऐकू आलं नाही. मला फक्त ते चोखलेलं लिंबू दिसत होतं.

मास्तरांनी वाद्य खाली घेतलं. रुमालानं तोंड पुसलं, रुमालाला रक्त लागलं. लग्नातलं वाजवा म्हणून मागून ओरडा झाला. त्यांनी करवंटी पिशवीत ठेवली, दाजींना मुबारक म्हणून सलाम केला आणि गेले. मी बहिणीकडं बघितलं. ती म्हणाली, तुला मेलीला कसलीच गंमत कळत नाही. तोवर केक कापून झाला होता आणि तिकडं मोठी मोठी माणसं क्रीम एकमेकांच्या थोबाडाला फासून बोटं चाटत होती. मी न जेवता निघाले.

घरी पोचेपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला, खाली हसून हसून रडणाऱ्या तोंडांची रांग. मी उघडला, लिंबू दिसलं तसा बंद केला. मग पुसून टाकला आणि ग्रुपमधून बाहेर पडले.

पुढं मास्तरांचे दात काढले. दातांचा ट्रे मी कधी हातात घेत नाही, ते काम साफसफाईच्या मावशींचं. त्या दिवशी मी घेतला. किळस आली नाही. नंतर कवळी बसली, जखम भरली, आणि ते एकदा कॉर्नेट न घेता आले तेव्हाच मी समजले. नुसती हवा जाते म्हणाले. मग बराच वेळ काउंटरवर बोट घासत राहिले.

"त्या दिवशी कोन तरी शूटिंग करत हुतं की. ते मिळंल का? माझं वाजवनं दुसरं कुटंच न्हाय."

खरंच नव्हतं. जन्मभराच्या वरातींचे व्हिडिओ होते, त्यात जनरेटर होता आणि नाचणारे होते. मी म्हणलं, मास्तर, त्यात ती घाण आहे. ते म्हणाले, असू दे.

मी दाजींना फोन केला. "दाजी, कसे आहात?" हे माझ्या तोंडून गोड निघालं. त्यांना वाटलं, आली हिची गाडी रुळावर. म्हणाले, आधी कबूल कर, मजा आली होती की नाही? मी म्हणलं, आली. परत मोठ्यानं म्हण म्हणाले. म्हणलं. फोन ठेवल्यावर मी चूळ भरून आले. व्हिडिओ आला, सोबत तीन हसरी तोंडं.

मास्तरांनी तो बघितलाच नाही. मोबाईल घेतला आणि कानाला लावला. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलत होती. बाकावरची माणसं बघत होती, मास्तरांना कसलंच भान नव्हतं. हसण्याचा आवाज सुरू झाला तसा मी बंद करायला हात पुढं केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला. शेवटपर्यंत ऐकलं, थोडं मागं घ्यायला लावलं आणि मोबाईल माझ्या कानाशी धरला.

"हसण्याच्या खाली ऐका."

दाजींचं सुर्र सुर्र होतं, लोकांचं खिदळणं होतं. आणि त्याच्या खाली, फुटून गेलेला तो सूर परत उठला होता. ओला, थरथरता, गुरगुरणारा, पण धरलेला. करवंटी एकदा उघडली, एकदा मिटली. त्यांनी तो पूर्ण केला होता. तीन टेबलं सोडून मी बसले होते आणि मला ऐकू आला नव्हता, कारण मी लिंबू बघत होते.

"सोडला न्हाय मी," मास्तर म्हणाले. कवळीमुळं त्यांचे शब्द जरा घरंगळत होते.

नवी पेठेतल्या मोबाईलवाल्याकडं मी तो घेऊन गेले. म्हणलं, हसणं आणि ते चोखणं तेवढं काढून दे. त्यानं बराच वेळ खटपट केली. हसणं कमी केलं की सूरही जायचा. आधीचं ठेवून पुढचं कापू का म्हणाला. मी नको म्हणलं. पुढचंच तर पाहिजे होतं.

तसाच ठेवलाय. मास्तरांच्या फोनवर आहे, माझ्या फोनवर आहे. दवाखाना उघडायच्या आधी, फरशी वाळेपर्यंत, मी तो कानाला लावते. मास्तरांचा सूर ऐकायचा तर दाजींचं चोखणं ऐकावं लागतं. रोज ऐकते, आणि रोज मळमळतं.